जुन्या मोटारीचा वेगमापक

बंगळूर शहरातून वायव्येकडे निघालेला तुमकूरचा रस्ता नेलमंगल ओलांडल्यावर मोकळा होतो. हाच रस्ता पुढे चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर आणि सातारा या गावांवरून पुण्याला पोहोचतो. शहरातील गर्दीत महिनोन्‌महिने ताशी वीस-तीस किलोमीटरपलीकडे न गेलेली एखादी जुनी अँबेसेडर किंवा पद्मिनी या रस्त्याला लागली, की तिच्या मालकाच्या ध्यानात एक गोष्ट प्रथमच येते. समोरच्या तबकडीवरील काटा विश्वासार्ह राहिलेला नाही. तो चाळीस आणि सत्तर यांच्यामध्ये थरथरत असतो, मध्येच उसळी मारतो, किंवा गाडी भरधाव असताना शून्यावर स्वस्थ पडून राहतो. शहरात या दोषाकडे दुर्लक्ष झालेले असते, कारण तेथे वेग ठरविण्याचे काम पुढचे वाहनच करीत असते. मोकळ्या रस्त्यावर मात्र हा दोष उपेक्षिण्याजोगा नाही.

याचे कारण असे की, वेगाचा अंदाज करण्याच्या कामी मनुष्याची इंद्रिये फारशी भरवशाची नाहीत. तासभर ऐंशीच्या वेगाने गाडी हाकल्यानंतर चालक एखाद्या गावात शिरतो, तेव्हा पन्नासचा वेगही त्याला चालण्यासारखा वाटू लागतो. अशा वेळी काटा खरे सांगत नसेल, तर त्याला सावध करणारे दुसरे काहीच उरत नाही. धावत्या गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. काटा पन्नास दाखवीत असता गाडीचा खरा वेग पासष्ट असेल, तर ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा चालकाच्या समजुतीपेक्षा सुमारे सत्तर टक्क्यांनी अधिक असते. जुन्या गाड्यांच्या ड्रम ब्रेकवर हा भार अनपेक्षितपणे पडणे किती धोक्याचे आहे, हे निराळे सांगावयास नको.

सुदैवाने या दोषाचे निदान अवघड नाही. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. लागते ती फक्त क्रमाने विचार करण्याची सवय. अनेक मालक काटा बिघडला की सबंध वेगमापक बदलून मोकळे होतात, आणि नवा वेगमापकही तसाच थरथरू लागला म्हणजे बुचकळ्यात पडतात. दोष बहुधा तबकडीच्या मागे नसतो. तो तबकडी आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या दोन-अडीच हात लांबीच्या केबलमध्ये असतो. काटा कोणत्या रीतीने चुकतो आहे, हे नीट पाहिले तर गाडीचा एकही स्क्रू न उघडता दोषाची जागा बरीचशी निश्चित करता येते. ते कसे, याचे विवेचन या प्रकरणात करावयाचे आहे.

यंत्राची घडण

प्रथम हे यंत्र काम कसे करते ते पाहू. गिअरबॉक्सच्या मागील टोकातून जो दांडा बाहेर पडतो, तोच पुढे मागील चाकांना फिरवितो. या दांड्यावर मळसूत्राप्रमाणे आटे असलेले एक दंतचक्र बसविलेले असते. त्यात अडकलेले दुसरे लहान दंतचक्र, ज्याला कारागीर पिनियन म्हणतात, गाडी चालू लागताच फिरू लागते. पिनियनच्या पोकळ टोकात केबलचे चौकोनी टोक बसते. केबलचे दोन भाग असतात. बाहेरचे आवरण स्थिर राहते आणि त्याच्या आत पोलादी तारांच्या अनेक थरांनी वळलेला लवचिक गाभा गरगर फिरत असतो. या गाभ्याचे वरचे टोक वेगमापकाच्या पाठीत शिरते आणि तेथील एका लहानशा चुंबकाला फिरविते.

येथपर्यंतचा सारा व्यवहार दातांचा आणि तारांचा, म्हणजे उघड्या डोळ्यांना दिसणारा आहे. यापुढे मात्र एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट घडते. फिरणाऱ्या चुंबकाभोवती अॅल्युमिनियमची एक पातळ वाटी असते. चुंबक आणि वाटी यांचा एकमेकांना स्पर्श होत नाही. अॅल्युमिनियम हा काही लोहचुंबकाकडे ओढला जाणारा धातू नव्हे. तरीही चुंबक फिरू लागला की वाटी त्याच्यामागे वळू पाहते, आणि वाटीच्या आसाला जोडलेला काटा वर चढतो.

या घटनेचा माग दोनशे वर्षे मागे जातो. तांब्याची तबकडी वेगाने फिरविली असता तिच्यावर टांगलेली चुंबकसूची तिच्यामागे ओढली जाते, असे फ्रेंच शास्त्रज्ञ आरागो याला 1824 च्या सुमारास आढळून आले. तांबे चुंबकीय नसताना असे का व्हावे, याचा उलगडा 1831 साली मायकेल फॅरडे याने लावलेल्या विद्युत् प्रवर्तनाच्या शोधाने झाला. चुंबक आणि धातू यांची एकमेकांच्या सापेक्ष हालचाल झाली म्हणजे धातूत विजेचे प्रवाह भोवऱ्यासारखे फिरू लागतात. या प्रवाहांना स्वतःचे चुंबकत्व असते, आणि ते धातूला चुंबकाच्या मागोमाग ओढते. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झे याने 1902 साली याच तत्त्वावर चालणाऱ्या वेगमापकाचे पेटंट घेतले. अँबेसेडर, पद्मिनी आणि 1983 साली रस्त्यावर आलेली मारुती 800 या गाड्यांच्या तबकडीमागे हेच तत्त्व काम करीत आले आहे.

वाटी मोकळी असती तर ती चुंबकाबरोबर गरगर फिरत राहिली असती. तसे होऊ नये म्हणून तिच्या आसाला केसासारख्या बारीक तारेची एक सर्पिल कमान जोडलेली असते. मनगटी घड्याळाचे तोलचक्र ज्या कमानीमुळे मागे-पुढे हेलकावते, तिचीच ही सख्खी बहीण. एच. एम. टी. ने सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने 1961 साली बंगळुरातच घड्याळांचा कारखाना उभारला होता. तेथील घड्याळे ज्यांनी उघडून पाहिली असतील त्यांना ही कमान ओळखीची वाटेल. गाडीचा वेग दुप्पट झाला की वाटीवरील ओढ दुप्पट होते आणि कमान दुप्पट पिळली जाईपर्यंत काटा पुढे सरकतो. वेग ओसरला की कमान त्याला मागे आणते. तबकडीवरील आकडे सारख्या अंतरावर आखता येतात ते यामुळेच.

वेगमापकाच्या पोटात दुसरेही एक यंत्र असते. ते म्हणजे आतापर्यंत किती किलोमीटर धाव झाली ते आकड्यांच्या चकत्यांवर दाखविणारा अंतरमापक. चुंबक ज्या आसावर फिरतो त्याच आसावरून निघालेली दंतचक्रे या चकत्या फिरवितात. येथे चुंबकत्वाचा किंवा कमानीचा काहीही संबंध नाही. केबलचे ठराविक फेरे झाले की एक आकडा पुढे सरकतो, एवढाच हिशेब.

काटा आणि अंतरमापक यांच्यातील हा भेद वाचकाने मनात पक्का ठेवावा. दोघांनाही एकाच केबलकडून गती मिळते. परंतु केबलच्या पुढे दोघांच्या वाटा निराळ्या होतात. न्यायाधीशाने दोन साक्षीदारांच्या जबान्या ताडून पाहाव्यात तशा या दोघांच्या नोंदी ताडून पाहिल्या, की दोष कोठे आहे ते आपोआप पुढे येते.

लक्षणांवरून निदान

काटा आणि अंतरमापक दोन्ही एकाच वेळी बंद पडले असतील, तर गती वेगमापकापर्यंत पोहोचतच नाही असे समजावे. केबलचा गाभा तुटला असेल, केबलचे टोकाचे नट ढिले होऊन ती निसटली असेल, किंवा पिनियनचे दात झिजून गेले असतील. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी अधिक घडतात.

अंतरमापक चालू आहे, पण काटा जागचा हलत नाही, अशी स्थिती असेल तर केबल आणि पिनियन निर्दोष आहेत. काटा आसावर सैल झाला आहे, कमान निसटली आहे किंवा वाटीचा आस कोठे तरी अडकला आहे. याउलट काटा व्यवस्थित फिरतो आणि आकडे मात्र थबकले आहेत, असे दिसल्यास अंतरमापकाची दंतचक्रे तुटली आहेत. पुष्कळ गाड्यांत प्रवासाचे निराळे अंतर दाखविणारा छोटा मापक असतो. गाडी धावत असताना तो शून्यावर आणण्याची सवय या दंतचक्रांना घातक ठरते.

काटा थरथरतो, विशेषतः कमी वेगात उड्या मारतो, आणि त्याच वेळी तबकडीमागून टिकटिक किंवा खरखर ऐकू येते, हे सर्वांत नित्याचे लक्षण होय. येथे अपराधी जवळजवळ नेहमीच केबल असते. तिच्यातील ग्रीस सुकलेले असते, पावसाळ्यात शिरलेल्या पाण्याने गाभा गंजलेला असतो, किंवा एखाद्या दुरुस्तीच्या वेळी ती चुकीच्या वळणाने बसविलेली असते. कोरडा गाभा आवरणाला चिकटतो, मागून पीळ साठत जातो आणि मग तो एकदम सुटतो. काट्याची प्रत्येक उडी म्हणजे असा सुटलेला पीळ असतो.

काटा एकाएकी शेवटच्या आकड्यावर जाऊन आदळला आणि तबकडीमागून किंकाळीसारखा आवाज येऊ लागला, तर गाडी चालविणे शक्यतो थांबवून केबल सोडवून ठेवावी. चुंबकाचा आस ज्या लहानशा धारव्यात फिरतो तो कोरडा पडला आहे, किंवा केबलमधून वर चढलेल्या तेलाने चुंबक आणि वाटी एकमेकांना चिकटली आहेत. या अवस्थेत गाडी दामटली तर कमान कायमची निकामी होते.

गाडी उभी असतानाही काटा शून्यावर परत येत नसेल, तर कमान ताणली गेली आहे किंवा वाटीच्या आसावर धूळ व चिकटा जमला आहे. हा दोष सर्वस्वी तबकडीमागचा होय.

आता राहिला तो काटा, जो थरथरत नाही, आवाज करीत नाही, मोठ्या ऐटीने स्थिर राहतो आणि तरीही खोटे सांगतो. सर्वांत धोकादायक हाच, कारण त्याचा संशय कोणालाच येत नाही. त्याची तपासणी पुढे स्वतंत्रपणे पाहू.

तपासणीचा क्रम

लक्षणांवरून तर्क केल्यावर तो पडताळून पाहावयाचा असतो. सपाट जागी गाडी उभी करून प्रथम बॅटरीचे एक टोक सोडवावे. तबकडीमागे दिव्यांच्या व इतर मापकांच्या जिवंत तारांचे जाळे असते, आणि चाचपडणाऱ्या हातातील पान्याने तेथे ठिणगी उडण्यास वेळ लागत नाही. नंतर वेगमापकाच्या पाठीवरचा केबलचा नट हाताने फिरवून केबल बाजूला घ्यावी.

आता गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक सोडून दोघांनी गाडी काही पावले पुढे ढकलावी आणि तिसऱ्याने केबलच्या सुट्या टोकाकडे लक्ष ठेवावे. पिनियनची गती चाकांशी जोडलेली असल्यामुळे इंजिन बंद असले तरी गाभा फिरला पाहिजे. तो फिरला तर दोष वेगमापकात आहे. तो फिरला नाही तर दोष केबलमध्ये किंवा तिच्या खाली आहे. इतक्या साध्या कसोटीने निम्मे यंत्र संशयातून मुक्त होते.

गाभा फिरत नसेल तर तो वरून हलकेच ओढून पाहावा. तुटलेला असल्यास अर्धाच तुकडा हाती येतो. खालचा तुकडा गिअरबॉक्सच्या बाजूने काढावा लागतो, आणि तो तेथेच ठेवून नवा गाभा आत सारण्याचा मोह टाळला पाहिजे. यासाठी गाडीखाली शिरावयाचे असेल तर नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नये. गाडी भक्कम घोड्यांवर टेकवून जमिनीवर राहिलेल्या चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे लावल्यावाचून तिच्याखाली जाऊ नये. गाभा अखंड निघाला आणि तरीही तो फिरत नव्हता, तर पिनियन बाहेर काढून त्याचे दात व केबलचे टोक बसणारे चौकोनी भोक तपासावे. झिजून गोल झालेल्या भोकात गाभ्याचे टोक नुसते घसरत राहते.

दोष वेगमापकात आहे असे ठरल्यास त्याचीही हाताने परीक्षा घेता येते. केबलच्या टोकाच्या मापाची एक चौकोनी काडी पाठीतल्या भोकात घालून ती चिमटीत जोराने फिरवावी. निरोगी वेगमापकाचा काटा किंचित उचलला जातो आणि लगेच शून्यावर परततो. काडी फिरविताना करकर लागली, तर धारवा कोरडा आहे.

केबलची शुश्रूषा

बाहेर काढलेला गाभा रॉकेलने स्वच्छ धुऊन पुसावा आणि फरशीवर सरळ ठेवून बोटांनी लाटावा. तो सारखा लोळत गेला तर ठीक. एखाद्या जागी उडी मारून पलटत असेल तर तेथे त्याला मोड आली आहे, आणि मोड आलेला गाभा कितीही सरळ केला तरी काट्याला थरथरविल्याशिवाय राहत नाही. तो बदलणे हाच उपाय होय.

गाभा चांगला असेल तर त्याला ग्रीसचा पातळ हात द्यावा. परंतु वरच्या टोकाची सुमारे वीतभर लांबी कोरडी ठेवावी. ही सूचना क्षुल्लक वाटते, पण अनेक वेगमापकांचे आयुष्य तिच्यावर अवलंबून असते. तारांचे वेटोळे असलेला गाभा फिरताना मळसूत्राप्रमाणे काम करतो आणि जादा ग्रीस हळूहळू वर चढवीत नेतो. ते चुंबक आणि वाटी यांच्यामध्ये पोहोचले की काल थरथरणारा काटा उद्या शेवटच्या आकड्यावर जाऊन चिकटतो. उदार हाताने ग्रीस भरणारा मालक असा एका रोगावर दुसरा रोग विकत घेतो. केबलमध्ये ग्रीसऐवजी पातळ काळे तेल दिसले, तर ते गिअरबॉक्समधून आले आहे. अशा वेळी पिनियनजवळचे तेल अडविणारे सील बदलल्याखेरीज बाकीची दुरुस्ती टिकत नाही.

केबल परत बसविताना तिला कोठेही तीव्र वळण देऊ नये. पंधरा सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचे वळण तिला सोसत नाही. ती धुराच्या नळीला टेकता कामा नये, कारण तेथील उष्णतेने ग्रीस वितळून जाते. वरच्या टोकाशी गाभा आवरणाबाहेर साधारणपणे एक सेंटिमीटर डोकावला पाहिजे. तो फार आत असेल तर पकड मिळत नाही आणि फार बाहेर असेल तर तो चुंबकाच्या आसाला सतत रेटत राहतो. नट बोटांनीच आवळावेत. पक्कड वापरण्याचे कारण नाही.

नवी केबल घ्यावयाची झाल्यास जुनी केबल नमुन्यासाठी बरोबर न्यावी. बंगळूरमध्ये पुरभवनापासून मिनर्व्हा चौकाकडे जाणाऱ्या जयचामराजेंद्र रस्त्यावर, ज्याला सारे शहर जे. सी. रोड या नावाने ओळखते, मोटारींच्या सुट्या भागांची जुनी बाजारपेठ आहे. परंतु तेथे जाऊन केवळ गाडीचे नाव सांगणे पुरेसे होत नाही. पद्मिनीची मूळ फियाट 1964 साली आली आणि तिच्या वंशातील गाड्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिल्या. अँबेसेडर 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून 2014 पर्यंत बनत होती. एवढ्या दीर्घ काळात तपशील बदलत जाणे स्वाभाविकच आहे. लांबी, टोकाचा चौकोन आणि नटाचे आटे या तिन्ही गोष्टी जुन्या केबलशी ताडून घ्याव्यात.

या पद्मिनीचे बंगळूरशी एक आडवळणाचे नातेही आहे. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने 1940 साली याच शहरात विमानांचा कारखाना काढला, आणि 1944 साली मुंबईस ज्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, तिच्याच कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे ही गाडी बाहेर पडली. आज तो कारखाना पद्मिनी बनवीत नाही. म्हणून जो भाग दुरुस्त होण्यासारखा आहे तो फेकून न देणे, हे जुन्या गाडीच्या मालकाला काटकसरीपेक्षाही गरजेचे झाले आहे.

स्थिर पण खोटा काटा

आता अखेरच्या आणि सर्वांत फसव्या दोषाकडे वळू. महामार्गावरील किलोमीटरचे दगड हे त्याच्या तपासणीचे उत्तम साधन होय. मोकळ्या रस्त्यावर काटा साठावर स्थिर ठेवावा आणि एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंतचे सेकंद शेजारी बसलेल्या व्यक्तीने मोजावेत. चालकाने घड्याळाकडे पाहू नये. 3600 ला सेकंदांच्या संख्येने भागले की ताशी वेग मिळतो. 60 सेकंद लागले तर वेग 60, 72 लागले तर 50, आणि 45 लागले तर 80 किलोमीटर. हल्ली उपग्रहांच्या आधारे वेग दाखविणारे मोबाइल फोनही याच कामी वापरता येतात. मात्र वेग काही काळ स्थिर ठेवूनच त्यांचा आकडा घ्यावा.

काटा खऱ्यापेक्षा थोडा अधिक वेग दाखवीत असेल तर चिंतेचे कारण नाही. उत्पादक सावधगिरी म्हणून तो तसा ठेवतात, आणि 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीही दहा टक्क्यांपर्यंतचा फरक क्षम्य मानला होता. काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवीत असेल तर मात्र कारण शोधलेच पाहिजे.

येथे पुन्हा दुसऱ्या साक्षीदाराला बोलवावे. दहा किलोमीटरच्या दगडांमध्ये अंतरमापक किती पुढे गेला ते पाहावे. तोही त्याच प्रमाणात चुकत असेल तर दोष केबलच्या खालचा आहे. टायर निराळ्या मापाचे बसविले असतील, किंवा दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स किंवा पिनियन आलेला असेल. मूळ मापापेक्षा पाच टक्के लहान टायर लावले तर चाके तेवढी अधिक फिरतात आणि काटा व अंतरमापक दोन्ही पाच टक्के वाढवून सांगतात. मोठे टायर लावले तर दोन्ही कमी सांगतात. अंतरमापक बिनचूक आणि काटा मात्र कमी दाखविणारा असेल, तर टायर व पिनियन निर्दोष होत. चुंबकाचे चुंबकत्व वर्षानुवर्षे क्षीण होत गेले आहे, किंवा कोणी तरी कमानीशी खेळ केला आहे.

पुष्कळ तबकड्यांवर एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक संख्या छापलेली असते. किलोमीटरच्या तबकडीवर ती बहुधा एका किलोमीटरमागे केबलचे किती फेरे अपेक्षित आहेत ते सांगते. ती पडताळून पाहण्याची रीत सोपी आहे. केबलच्या सुट्या टोकाला पुठ्ठ्याचा लहानसा काटा टोचावा, जमिनीवर दहा मीटरच्या खुणा कराव्यात, गाडी तेवढीच सरळ ढकलावी आणि पुठ्ठ्याचे फेरे अपूर्णांकासह मोजावेत. सव्वासहा फेरे झाले तर किलोमीटरला 625 होतात. ही संख्या तबकडीवरच्या संख्येशी जुळली नाही, तर वेगमापक आणि गाडी एकमेकांसाठी बनलेली नाहीत हे निश्चित. जुन्या बाजारातून वेगमापक विकत घेण्यापूर्वी ही संख्या पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे. फार जुन्या गाड्यांच्या तबकड्या मैलांच्या असतात, हेही ध्यानात ठेवावे. तेथे चाळीसवर असलेला काटा ताशी 64 किलोमीटर सांगत असतो, आणि रस्त्यावरील मर्यादेचे फलक मात्र किलोमीटरमध्ये असतात.

कोठे थांबावे

वेगमापक उघडणे हे मालकाने स्वतः करावयाचे काम नव्हे. तबकडीची कडी उचकटताना काच फुटते, आणि कमानीला चुकून लागलेला बोटाचा धक्का तिचा आकार कायमचा बिघडवितो. कुशल कारागीर आस स्वच्छ करून धारव्याला घड्याळाच्या तेलाचा एक थेंब देतो. कमानीला तेलाचा स्पर्शही होऊ देत नाही. क्षीण झालेला चुंबक तो पुन्हा पूर्णपणे चुंबकित करतो, वेगमापक ज्ञात वेगाने फिरवितो आणि काटा योग्य आकड्यावर येईपर्यंत चुंबकत्व थोडे थोडे उतरवितो. अनेक वेगमापकांत चुंबकापाशी एका विशिष्ट मिश्रधातूची चकती असते. उन्हाने वाटी तापली की तिच्यातील प्रवाह मंदावतात. ती तूट ही चकती भरून काढते. अडाणी हाताने ती काढून टाकली तर सकाळी खरे सांगणारा काटा दुपारी कमी सांगू लागतो. असे कारागीर दिवसेंदिवस विरळ होत आहेत. ज्याला असा मनुष्य ठाऊक आहे त्याने त्याच्याकडे नेण्यापूर्वी वर सांगितलेली सर्व तपासणी करून तिची टाचणे बरोबर द्यावीत. निम्मे काम तेथेच होते.

शेवटी अंतरमापकाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वेगमापक उघडला असता आकड्यांच्या चकत्या हव्या तशा फिरविता येतात, आणि गाडी विकण्यापूर्वी त्या मागे फिरविण्याचा प्रकार जगभर चालतो. इंजिनाची, ब्रेकची आणि टायरची निगा याच आकड्यांवरून ठरत असते. मागे नेलेला आकडा पुढच्या मालकाला केवळ पैशांतच फसवीत नाही. झिजलेल्या भागांवर भरवसा ठेवावयास लावून त्याच्या जिवाशीही खेळतो. म्हणून दुरुस्तीच्या वेळी जुना आकडाच पुन्हा लावून घ्यावा. वेगमापक बदलावाच लागला, तर दुरुस्तीची तारीख, जुना आकडा आणि नवा आकडा गाडीच्या नोंदवहीत लिहून ठेवावा आणि गाडी विकताना ती वही नव्या मालकाच्या हाती द्यावी.

एवढे झाल्यावर एखाद्या रविवारी पहाटे गाडी पुन्हा तुमकूरच्या रस्त्याला न्यावी, काटा साठावर स्थिर करावा आणि दगड ते दगड सेकंद मोजावेत. साठाच्या आसपास मोजणी आली तर काम पुरे झाले. फरक राहिलाच, तर तो किती आहे ते त्याच वहीत लिहावे. किती चुकतो हे ठाऊक असलेला काटा घेऊन निर्धास्तपणे प्रवास करता येतो. ज्याची चूक ठाऊक नाही, अशा काट्यावर विसंबून मात्र नेलमंगलच्या पुढे जाऊ नये.